बायोस अपडेट अर्धवट राहून लॅपटॉप काळा पडला, तर

भाचीचा अकरा इंची लॅपटॉप. बॅटरी वर्षभरापूर्वीच गेलेली, त्यामुळे कायम चार्जरला लावलेला. जुलैतली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, आणि पडद्यावर बायोस अपडेटची पट्टी अर्ध्याच्या जरा अलीकडे. तेवढ्यात लाइट गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा तिने बटण दाबलं. पंखा फिरला, बटणाचा दिवा लागला, पडदा मात्र काळाच. रडवेल्या आवाजात फोन आला, "मामा, लॅपटॉप गेला. आता काय करू?"

गेला नव्हता. आठवड्याभरात तिने त्याच लॅपटॉपवर कॉलेजची जर्नलं पूर्ण केली. दुरुस्तीला लागला तो एक जुना ४ जीबीचा पेनड्राइव्ह. पण त्यातले पहिले तीन दिवस आम्ही नको त्या गोष्टी करण्यात घालवले. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. संगणकाची फारशी माहिती नसली तरी चिप प्रोग्रॅम करण्याचा भाग सोडून बाकीचं घरी जमण्यासारखं आहे.

आत काय बिघडलंय

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर करंगळीच्या नखाएवढी, आठ पायांची एक काळी चिप असते. लहान लॅपटॉपमध्ये तिची क्षमता साधारण ८ किंवा १६ एमबी. बटण दाबलं की प्रोसेसर सुरुवातीलाच या चिपमधला प्रोग्रॅम वाचायला घेतो. तो प्रोग्रॅम मेमरी, पडदा, कीबोर्ड, डिस्क यांना जागं करतो आणि मग विंडोजच्या हाती कारभार देतो. हेच बायोस. आजच्या मशीनवर त्याचं खरं नाव यूईएफआय आहे, पण घरी, दुकानात आणि खुद्द कंपन्यांच्या वेबसाइटवरही त्याला बायोसच म्हणतात.

या चिपवर जुन्या मजकुरावरच नवा लिहिता येत नाही. आधी एक तुकडा पुसायचा, तिथे नवं लिहायचं, मग पुढचा तुकडा. मध्येच वीज गेली की काही तुकडे नवे, काही जुने आणि एखादा कोरा राहतो. प्रोसेसर वाचत वाचत तिथवर येतो आणि अडकतो. पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि पडद्यावर काही नाही, ते यामुळे.

हे होऊ शकतं हे बनवणाऱ्यांना माहीत असतं. म्हणून बऱ्याच लॅपटॉपमध्ये चिपचा एक छोटा भाग वेगळा राखलेला असतो. त्याला बूट ब्लॉक म्हणतात. नेहमीच्या अपडेटमध्ये शक्यतो त्याला हात लावत नाहीत. बाकीचं बायोस नासलं तरी हा भाग उठतो आणि त्याला एक काम नक्की येतं: ठरलेल्या नावाची फाईल पेनड्राइव्हवर शोधायची आणि ती चिपवर उतरवायची. काही डेल आणि एचपी मशीन अशी एक प्रत डिस्कवरही बाळगून असतात. काळ्या पडद्याचा लॅपटॉप बहुतेक वेळा मेलेला नसतो, तो त्या फाईलची वाट बघत असतो. नावात एक अक्षर जरी चुकलं तरी तो ती ओळखत नाही. आमचे दिवस वाया गेले ते मुख्यतः इथेच, त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिला अर्धा तास हात लावू नका

अपडेट चालू असताना लॅपटॉप दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतो. मधल्या वेळात पडदा काळा असतो आणि पंखा कधी कधी एकदम जोरात फिरतो. नवं बायोस मेमरी पुन्हा पहिल्यापासून तपासून घेतं, त्यातही काही मिनिटं जातात. नेमकं याच वेळी माणूस घाबरतो, बटण दाबून धरतो आणि धड चाललेलं अपडेट खरोखर फसवून बसतो. चार्जर लावलेला राहू द्या, घड्याळात अर्धा तास मोजा. अपडेट चालू असताना वीजच गेली असेल, तर अर्थातच वाट बघण्यात काही अर्थ नाही. सरळ पुढे चला.

लक्षण नीट बघा

इथे घाई करू नका, कारण पुढचा सगळा मार्ग यावर ठरतो.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही, चार्जिंगचा दिवासुद्धा लागत नाही? मग आधी बायोसवर शंका घेऊ नका. चार्जर, त्याची पिन, सॉकेट तपासा. त्याच मॉडेलचा दुसऱ्याचा चार्जर मिळाला तर लावून बघा.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा काळा? कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर बायोस चालू आहे आणि घोटाळा पडद्याचा असू शकतो. एचडीएमआयच्या वायरने टीव्हीला जोडून बघा. कॅप्स लॉक ढिम्म असेल तर बायोस नासलंय असं धरून चाला. एचपीच्या थोड्या जुन्या लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा दोनदा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा दोनदा लुकलुकतो. बायोस खराब झाल्याची ती ठरलेली खूण आहे.

कंपनीचा लोगो दिसतो, पण विंडोज सुरू होत नाही? तर तुम्ही सुटलात. बायोस जागेवर आहे, अपडेटमध्ये फक्त त्याच्या सेटिंग मूळपदावर गेल्यात. चालू करताना एफ२, एफ१० किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबून सेटिंगमध्ये जा आणि दोन गोष्टी बघा. पहिली, बूट पद्धत यूईएफआय आहे की लेगसी. दुसरी, डिस्कची पद्धत एएचसीआय आहे की रेड किंवा व्हीएमडी. या पूर्वी जशा होत्या तशा नसतील तर डिस्क सापडत नाही किंवा निळा पडदा येतो. पूर्वी काय होतं ते आठवत नसेल तर एक बदला, सेव्ह करा, चालू करून बघा; जमलं नाही तर परत आधीसारखं करून दुसरं बदला. अशा वेळी दुकानात "विंडोज उडालंय, नवीन टाकावं लागेल" असं ऐकायला मिळालं तर नको म्हणा. फॉरमॅट मारण्याचं इथे काहीच कारण नसतं.

याच टप्प्यावर निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची किल्ली. बायोस बदललं की विंडोजला मशीन अनोळखी वाटतं आणि ते कुलूप घालतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून त्याच खात्यात जा, तुमच्या उपकरणाच्या माहितीत ती किल्ली सहसा साठवलेली असते. विंडोज ११ होम असलेल्या अनेक लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेलं असतं, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. किल्ली सापडली की कागदावर उतरवून ठेवा. पुढे चिपला हात लावायची वेळ आली तर तीच सगळ्यात मोलाची गोष्ट ठरेल.

उरलेली वीज काढून टाका

चार्जर काढा. बॅटरी बाहेर निघण्यासारखी असेल तर तीही काढा. मग चालू करायचं बटण ४० सेकंद दाबून धरा. सोडा, फक्त चार्जर लावा, चालू करून बघा. थिंकपॅड असेल तर बऱ्याच मॉडेलांच्या तळाशी एक टाचणीएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप काही सेकंद दाबली की आतली बॅटरी तात्पुरती तुटते.

बॅटरी आत बंद असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर तळाचे स्क्रू काढून बॅटरीचं कनेक्टर सोडवता येतं. प्लास्टिकचं पातळ पातं किंवा जुनं एटीएम कार्ड वापरा. वायर धरून ओढू नका, कनेक्टर दोन्ही कडांनी हळूहळू सरकवा. आत गेलाच आहात तर मेमरीची पट्टी काढून परत घट्ट बसवा. मात्र अनेक लहान लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डलाच डकवलेली असते, तशी असली तर हा उपाय गैरलागू.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण आमचा पहिला दिवस त्यात गेला. सीआर२०३२ नावाची गोल बटण-बॅटरी काढून ठेवली की बायोस "रिसेट" होतं, असं जो तो सांगतो. रिसेट होतात त्या तारीख-वेळ आणि काही सेटिंग. चिपमधला प्रोग्रॅम विजेशिवायही जसाच्या तसा राहतो. तो अर्धवट लिहिलेला असेल तर बटण-बॅटरी रात्रभर काढून ठेवली तरी अर्धवटच राहणार. एकदा करून बघायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

पेनड्राइव्ह तयार करणं

यासाठी दुसरा चालू संगणक लागेल. पेनड्राइव्ह शक्य तितका जुना आणि लहान घ्या, २ ते ८ जीबीचा. त्याला लुकलुकणारा दिवा असेल तर फारच उत्तम, कारण काळ्या पडद्यासमोर बसलेलं असताना आत काय चाललंय हे सांगणारी तीच एक गोष्ट असते. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट बूट ब्लॉकला सहसा वाचता येत नाही.

फाईल फक्त कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून घ्या, आणि मॉडेल लॅपटॉपच्या तळावरच्या लेबलवरून अक्षर अन् अक्षर उतरवून. "साधारण सारखंच" मॉडेल चालत नाही. आमचा दुसरा दिवस यात गेला. नावात शेवटी एक अक्षर वेगळं होतं आणि मदरबोर्ड पूर्ण निराळा. कंपनीने फाईलचा एसएचए२५६ आकडा (फाईलचा जणू बोटाचा ठसा) दिला असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो काढून ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाईल चिपवर चढवली तर दुष्काळात तेरावा महिना.

आता नावाची गोष्ट. विंडोज फाईलच्या नावातलं टिंबापुढचं शेपूट लपवून ठेवतं. तुम्हाला फाईलचं शेपूट "आरसीव्ही" करायचंय, तुम्ही नाव बदलता, पडद्यावर तसं दिसतंही. प्रत्यक्षात मात्र ते "आरसीव्ही टिंब ईएक्सई" झालेलं असतं. बूट ब्लॉक ती फाईल बघतो आणि सोडून देतो. तिसरा दिवस आम्ही पेनड्राइव्ह लावत-काढत घालवला, कारण नाव डोळ्यांना बरोबर दिसत होतं. फाईल एक्सप्लोररमध्ये वरच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा आणि मगच नाव बदला. अर्थात ही सगळी नावं रोमन अक्षरांत द्यायची.

कोणत्या मशीनवर कोणती बटणं

*डेल* (साधारण २०१६ पासूनची मॉडेल): बायोसच्या फाईलचं नाव "बायोस_आयएमजी" आणि शेपूट "आरसीव्ही" (BIOS_IMG.rcv) असं ठेवून ती पेनड्राइव्हवर टाका. कुठल्याही फोल्डरमध्ये नको, बाहेरच. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला. कंट्रोल आणि एस्केप दाबून धरा आणि धरलेलं असतानाच चार्जर लावा. रिकव्हरीचा पडदा आला की बटणं सोडा. दोन्ही हात कीबोर्डवर अडकलेले असतात, म्हणून पिन लावायला कुणालातरी जवळ उभं करा.

*एचपी*: इथे नाव बदलायची भानगड नाही. उतरवलेली बायोसची फाईल दुसऱ्या विंडोज संगणकावर चालवली की ती रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवायचा पर्याय देते, तो निवडा. मग बंद लॅपटॉपला पेनड्राइव्ह आणि चार्जर लावा. विंडोज आणि बी ही बटणं दाबून धरा, पॉवरचं बटण २-३ सेकंद दाबून सोडा, पण विंडोज आणि बी धरूनच ठेवा. पडदा ४० सेकंदांपर्यंत काळा राहू शकतो, बीप ऐकू येतात. लोक दहाव्या सेकंदाला हात काढतात आणि "होत नाही" म्हणतात. मनात पन्नासपर्यंत मोजा. तरीही नाही झालं तर बीच्या जागी व्ही घेऊन बघा.

*एसर अ‍ॅस्पायर वन*: २००८ साली आलेला ८.९ इंची नेटबुक. अ‍ॅटम प्रोसेसरवर चालायचा आणि आजही कुणाकुणाच्या कपाटात निघतो. ए११० आणि ए१५० या मॉडेलांवर काळा पडदा हे इतकं नेहमीचं दुखणं होतं की त्याची रीत अनेकांना पाठ आहे. पेनड्राइव्हवर दोन फाइली लागतात. एक फ्लॅशइट नावाची ईएक्सई (FLASHIT.EXE), आणि दुसरी बायोसची, जिचं नाव बदलून झेडजी५आयए३२ आणि शेपूट एफडी (ZG5IA32.FD) करायचं. बॅटरी आणि चार्जर दोन्ही लावा. एफएन आणि एस्केप दाबून धरून पॉवर दाबा, काही सेकंदांनी एफएन-एस्केप सोडा. बटणाचा दिवा लुकलुकायला लागेल. आता पॉवर एकदाच दाबा आणि हात मागे घ्या. पडद्यावर काहीही दिसणार नाही. पेनड्राइव्हचा दिवा थोडा वेळ नाचेल, मग थांबेल. पॉवरचा दिवा मात्र लुकलुकतच राहील, चिपवर लिहिणं चालू असतं ते त्याच वेळी. काही मिनिटांत लुकलुकणं थांबून मशीन स्वतःच पुन्हा चालू होतं. तोवर खुर्चीतून उठून चहा टाकलेला बरा, म्हणजे हात बटणाकडे जात नाहीत.

बाकीच्यांसाठी: एएमआय कंपनीचं जुनं बायोस असेल तर फाईलचं नाव एएमआयबूट, शेपूट आरओएम (AMIBOOT.ROM), आणि कंट्रोल-होम ही जोडी. इनसाइड नावाच्या कंपनीच्या बायोसवर एफएन-एस्केप किंवा एफएन-बी बऱ्याचदा चालतं. मात्र तुमच्या मॉडेलची नेमकी रीत कंपनीच्या मदतपानावरूनच घ्या.

पहिल्या फटक्यात झालं नाही तर हार मानू नका. पेनड्राइव्हचा दिवा बघा. चालू केल्यावर वीज मिळाली म्हणून लागतो तेवढाच एकदा लागून विझला, तर बूट ब्लॉकने तिकडे पाहिलंच नाही. बटणांची जोडी किंवा यूएसबीची जागा बदला. निळ्या जिभेच्या वेगवान यूएसबीऐवजी काळ्या जिभेची साधी जागा आधी वापरा, मध्ये हब लावू नका. दिवा भराभर लुकलुकला आणि मग सगळं शांत झालं, तर बूट ब्लॉक जिवंत आहे. तो वाचतोय, पण त्याला हवी ती फाईल मिळत नाही. नाव, शेपूट, मॉडेल पुन्हा तपासा.

बॅटरी मेलेली असेल तर रिकव्हरीच्या वेळी पुन्हा लाइट जाऊन तीच गत होऊ नये, याची सोय आधी करा. आम्ही शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातला यूपीएस तासाभरासाठी मागून आणला आणि चार्जर त्यावर लावला. शेपूट दुरुस्त करून पेनड्राइव्ह लावला, बटणं धरली, आणि दिवा असा भरभर नाचायला लागला की भाचीने माझा दंडच पकडला. सहा मिनिटांनी लोगो आला.

तरीही नाही, तर चिप

बूट ब्लॉकच नासला असेल तर चिपवर बाहेरून लिहावं लागतं. सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रामर आणि आठ पायांना धरणारी क्लिप यासाठी वापरतात. सोल्डरिंग येत नसेल तर हे दुकानात करून घ्या, पण आत काय होतं ते माहीत असू द्या. म्हणजे योग्य प्रश्न विचारता येतात.

बॅटरी आणि चार्जर दोन्ही सोडवलेले हवेत. चिपच्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे पहिला पाय, क्लिपची लाल वायर तिकडे. चिपवरचा नंबर भिंगातून वाचून तिचा व्होल्टेज शोधायचा. बऱ्याच चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, पण काही लहान लॅपटॉपमध्ये १.८ व्होल्टच्या येतात. त्यांना मध्ये अडॅप्टर न लावता जोडलं तर त्या जळू शकतात. काही बोर्डांवर चिपला बाहेर आलेले पायच नसतात. तिथे क्लिप बसत नाही, चिप उचलूनच काढावी लागते.

लिहिण्याआधी वाचायचं, आणि तेही दोनदा. दोन्ही वाचनं तंतोतंत सारखी आली तरच क्लिप नीट बसली असं समजायचं. ८ एमबीच्या चिपची फाईल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची भरते. सगळीकडे एफएफ-एफएफच दिसलं तर क्लिप लागलेलीच नाही. ही पहिली प्रत जपून ठेवायची, कारण तुमच्या लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि विंडोजची किल्ली याच चिपमध्ये असते. इंटेलच्या मशीनवर मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या स्वतःच्या आतल्या प्रोग्रॅमचा) भागही इथेच. टीपीएम (कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) वेगळी चिप नसून फर्मवेअरमधला असेल तर त्याची गुपितंही इथेच. इंटरनेटवरून कुणाच्या तरी लॅपटॉपची प्रत आणून जशीच्या तशी चढवली तर मशीन चालू होतं, पण दुसऱ्याच्या नावाने. विंडोजचं लायसन्स गोंधळतं आणि बिटलॉकर ४८ आकडे मागतो.

कंपनीच्या वेबसाइटवरची फाईलही थेट चढवायची नसते. तिच्यावर बऱ्याचदा वेष्टण असतं, किंवा ती चिपच्या एकाच भागापुरती असते. जाणकार माणूस त्यातला बायोसचा भाग काढून तुमच्या जुन्या प्रतीत बसवतो. म्हणून दुकानात गेल्यावर एवढंच विचारा: "आधी माझ्या चिपची प्रत काढाल ना? ती मला पेनड्राइव्हवर द्याल?" प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर दुसरं दुकान शोधा.

तुमची कागदपत्रं, फोटो या चिपमध्ये नसतात. ते डिस्कवर सुरक्षित असतात. फक्त स्वस्त लहान लॅपटॉपमध्ये डिस्क म्हणजे बोर्डला डकवलेली ईएमएमसी असते, ती काढून दुसरीकडे लावता येत नाही. मदरबोर्ड बदलायचा सल्ला मिळाला तर त्याआधी हे जरूर तपासा, कारण बोर्डाबरोबर तुमचा डेटाही जाईल.

मशीन उठल्यावर

सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा, डीफॉल्ट सेटिंग भरून सेव्ह करा. विंडोज आलं की विंडोज-आर दाबून एमएसइन्फो३२ लिहा, तिथे बायोसची आवृत्ती दिसते. ती नवी दिसते की जुनी, लिहून ठेवा.

पुन्हा कधी बायोस अपडेट करायचं? माझं मत सरळ आहे: तुम्हाला भेडसावणारा एखादा दोष त्यात दुरुस्त होत असेल, किंवा कंपनीने सुरक्षेसाठी महत्त्वाचं म्हटलं असेल तरच. नवा आकडा दिसला म्हणून नाही. करण्याआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा आणि ४८ आकडी किल्ली कागदावर आहे का बघा. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून चार्जर काढा आणि लॅपटॉपवर दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. तेवढ्यात तो बंद पडला तर त्या बॅटरीच्या भरवशावर अपडेट करायचं नाही, आधी यूपीएस मागून आणा.

आणि तो पेनड्राइव्ह पुसू नका. त्यावर चिकटपट्टी लावून मॉडेलचा पूर्ण नंबर, बायोसची आवृत्ती आणि कोणती बटणं धरायची ते लिहा, आणि लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकून द्या.